सूत्र पाठ आहे, तरी समीकरण का मांडता येत नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी दहावीला आहे, सांगलीत सेमी इंग्रजीला. ‘अंतर बरोबर वेग गुणिले वेळ’ हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते. तयार समीकरण दिलं तर पटकन सोडवते. पण उदाहरणात एसटी, रेल्वे नाहीतर होडी आली की पेन खाली ठेवते. तुम्ही विचारलंय, या उदाहरणांचे सगळे प्रकार पाठ करून घ्यावेत का, आणि कुठलं सूत्र कुठे लावायचं ते ओळखायची काही खूण आहे का.

मी साताऱ्यात सव्वीस वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं. आता घरीच संध्याकाळी दहा-बारा मुलं येतात. प्रकार पाठ करून घेऊ नका, हे मी स्वतःची चूक कबूल करून सांगतो. पहिली सात-आठ वर्षं मी तेच करत होतो. फळ्यावर ‘प्रकार पहिला : समोरासमोर’, ‘प्रकार दुसरा : पाठलाग’, असे नऊ प्रकार लिहून द्यायचो. घटक चाचणीत मुलं भराभर सोडवायची, मी खूश. एका वर्षी सहामाहीत एक साधं उदाहरण आलं. दोन सायकलस्वार एकाच ठिकाणाहून विरुद्ध दिशांना निघतात, त्यांच्यात ६० किमी अंतर कधी पडेल? अर्ध्या वर्गानं वेगांची वजाबाकी केली. विचारलं तर म्हणाले, ‘सर, एकाच ठिकाणाहून निघाले म्हणजे पाठलाग.’ चूक पोरांची नव्हती. मी त्यांना गोष्टीवरची पाटी वाचायला शिकवलं होतं, गोष्ट वाचायला नाही.

तुमच्या मुलीची खरी अडचण मला अशी दिसते. ते सूत्र एकाच गाडीचं असतं. एका गाडीचा वेग, तिची वेळ आणि तिनं कापलेलं अंतर यांचं नातं ते सांगतं, त्यापलीकडे काही नाही. समीकरण मात्र दोन गाड्यांमध्ये जुळतं, किंवा एकाच गाडीच्या दोन फेऱ्यांमध्ये. ते सूत्रातून निघत नाही, गोष्टीतून निघतं. दोघांचं काय सारखं आहे, किंवा कशाची बेरीज-वजाबाकी आपल्याला माहीत आहे, ते शोधावं लागतं. मी मुलांना एवढंच विचारतो, ‘बरोबरी कुठे आहे?’ ती सापडली की ‘बरोबर’चं चिन्ह कुठे टाकायचं ते कळतं. त्याआधी क्ष मानून उपयोग नाही. तुम्ही खूण विचारलीत, मला माहीत असलेली खूण हीच.

आता, मी तिची वही पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजानंच सांगतोय. पेन खाली ठेवणाऱ्या मुलांत तीन तऱ्हा असतात. काहींना भाषाच अडते, काहींना मांडणी, आणि काहींना खरी भीती अपूर्णांकांची असते, पण ती ‘शाब्दिक उदाहरण जमत नाही’ या नावाखाली लपते. तुमची मुलगी कुठे अडते ते घरी पाहता येईल. एक उदाहरण द्या, वाचू द्या, मग पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘आता हे मला गोष्टीसारखं सांग, आकडे नकोत.’ गोष्ट नीट सांगता आली नाही तर अडचण भाषेची. सांगता आली पण समीकरण मांडता आलं नाही तर मांडणीची, आणि हे उत्तर मुख्यतः त्याबद्दल आहे. समीकरण मांडून मध्येच अडकली तर अंतर-वेग बाजूला ठेवा आणि पंधरा दिवस नुसते अपूर्णांक करून घ्या.

भाषेचं थोडं आधी सांगतो, कारण सेमीच्या मुलांबाबत ते हमखास निघतं. ‘वेग ताशी १० किमीने वाढवला’ आणि ‘वेग ताशी ६० किमीपर्यंत वाढवला’ यातला ‘ने’ आणि ‘पर्यंत’ त्यांच्या नजरेतून सुटतो. पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द तर आजकाल घरातही फारसे कानावर पडत नाहीत. खरं तर आपल्या भाषेनं इथे मुलांचं काम सोपं करून ठेवलंय. घड्याळात २ वाजून ४५ मिनिटं झाली की पोरं बेधडक २.४५ तास लिहितात. आपण त्याला म्हणतो पावणेतीन, म्हणजे पाव उणे तीन, म्हणजेच २.७५. शब्दातच उत्तर आहे! बाजारात ‘पावणेदोन किलो’ म्हणून काही आणायला तिला पाठवा, एवढं पुरे.

आता मांडणी. मी एकच गोष्ट सावकाश सोडवून दाखवतो, बाकीच्या त्याच वाटेनं जातात.

सकाळी ७ वाजता साताऱ्याहून सांगलीची एसटी सुटली, वेग ताशी ४५ किमी. पोरगं त्या गाडीत, आणि त्याचं हॉल तिकीट घरी टेबलावर. बापाच्या लक्षात आलं तेव्हा ७ वाजून २० मिनिटं झाली होती. तो मोटारसायकल काढून ताशी ६० किमी वेगानं मागे निघाला. गाडी कधी गाठेल? (खऱ्या आयुष्यात बाप आधी पोराला फोन करेल. तुमची मुलगीही हे म्हणेल. म्हणू द्या, म्हणजे तिनं गोष्ट वाचलीय.)

इथे क्ष मानायचा नाही. आधी एक उत्तर ठोकून द्यायचं. बापाला ४० मिनिटं लागली असं धरू आणि ताळा घेऊन पाहू. ४० मिनिटांत मोटारसायकल ४० किमी गेली. तेवढ्यात एसटी किती गेली? ती २० मिनिटं आधी निघालीय, म्हणजे तिला रस्त्यावर येऊन ६० मिनिटं झाली, ती ४५ किमी गेली. बाप ४०वर, एसटी ४५वर. गाठली नाही, ५ किमी राहिले. उत्तर चुकलं, पण चुकलं हे आपल्याला कशावरून कळलं? दोन्ही अंतरं सारखी आली नाहीत यावरून. सापडली की बरोबरी! दोघंही एकाच ठिकाणाहून निघाले आणि एकाच ठिकाणी भेटणार, म्हणून अंतर सारखं.

आता त्याच ताळ्यात ४० मिनिटांच्या जागी क्ष तास घालायचा. कागदावर तीन रकाने : वेग, वेळ, अंतर. आणि दोन ओळी :

मोटारसायकल : वेग ६०, वेळ क्ष, अंतर ६०क्ष
एसटी : वेग ४५, वेळ क्ष + १/३, अंतर ४५(क्ष + १/३)

तिसरा रकाना कधीच स्वतंत्र भरायचा नाही, तो आधीच्या दोनांच्या गुणाकारानं आपोआप भरतो. सूत्राचं काम इथे संपलं. आता बरोबरी :

६०क्ष = ४५(क्ष + १/३)
६०क्ष = ४५क्ष + १५
क्ष = १

एक तास. बापानं गाडी ८ वाजून २० मिनिटांनी गाठली, साताऱ्यापासून ६० किमीवर, म्हणजे कराड ओलांडल्यावर. ताळा : एसटीला ८० मिनिटं, ताशी ४५नं ६० किमी. जुळलं.

या उदाहरणात मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे २० मिनिटांचे तास न करता थेट क्ष + २० लिहितात. दुसरं, क्ष + १/३ की क्ष − १/३? ‘उशिरा निघाला म्हणून त्याला जास्त वेळ’ असं मनात येतं. अंदाजाचं उत्तर आधी घातलेलं असलं की ही चूक होत नाही, कारण ४० मिनिटांच्या वेळी आपण एसटीचे ६० मिनिटं हाताने मोजले होते. आधी निघालेल्याची वेळ जास्त. बेरीज कुठे करायची ते आकड्यानं आधीच दाखवून दिलंय, क्ष फक्त त्याच्या जागेवर बसतो.

‘आधी एखादी संख्या धरून चाला’ ही युक्ती माझी नाही, आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे बाराव्या शतकात, इष्टकर्म नावाची रीत आहे. मनात येईल ती इष्ट संख्या घ्या, उदाहरणातल्या क्रिया तिच्यावर करा, आणि आलेल्या उत्तराची दिलेल्या संख्येशी तुलना करून त्रैराशिकानं खरं उत्तर काढा. आपण त्रैराशिकाऐवजी क्ष वापरतो, पण सुरुवात तीच.

आता समोरासमोरची गोष्ट. सातारा ते सांगली अंतर सोयीसाठी १२० किमी धरू. साताऱ्याहून एसटी ताशी ४५नं आणि सांगलीहून मोटार ताशी ५५नं एकाच वेळी निघाल्या. एक तासाचा अंदाज घातला तर दोघी मिळून १०० किमी, २० किमीची फट उरते. म्हणजे इथे अंतरं सारखी नाहीत, त्यांची बेरीज १२० आहे. सारखी आहे ती वेळ, म्हणून दोन्ही ओळींत वेळेच्या रकान्यात एकच क्ष. ४५क्ष + ५५क्ष = १२०, क्ष = १.२. आता लगेच विचारा, ‘म्हणजे किती तास, किती मिनिटं?’ दहांतली सहा मुलं १ तास २० मिनिटं म्हणतात. बरोबर आहे १ तास १२ मिनिटं, कारण दशांश तासाचा म्हणजे ६० मिनिटांचा आहे. भेट साताऱ्यापासून ५४ किमीवर, कराडच्या आसपास. उत्तर नकाशावर ठेवून पाहायची सवय लावा. भेटीची जागा साताऱ्याच्या मागे पुण्याकडे निघाली तर काहीतरी चुकलंय हे तिचं तिलाच कळेल.

इथवर बरोबरी अंतरात होती, म्हणून समीकरण सरळ आलं. वर्गसमीकरण येतं तेव्हा मुलं म्हणतात, ‘हे वेगळं प्रकरण आहे.’ वेगळं काही नाही. वेग माहीत नसेल आणि बरोबरी वेळेत असेल तर क्ष छेदात जातो, आणि छेद काढताना वर्ग येतो. हे कारण मुलीला एकदा नीट समजावून सांगा, निम्मी भीती जाईल.

उदाहरणार्थ, गावोगावी थांबणारी गाडी १२० किमी जाते. वेग ताशी १० किमीने जास्त असता तर एक तास कमी लागला असता. नेहमीचा वेग किती? गाडी एकच, फेऱ्या दोन, एक घडलेली आणि एक मनातली. रकाने भरा : वेग क्ष आणि क्ष + १०, अंतर दोन्हीकडे १२०, म्हणून वेळ १२०/क्ष आणि १२०/(क्ष + १०). यातली मोठी वेळ कुठली? सावकाश जाणारीची. मोठीतून छोटी वजा केली की १ उरतो :

१२०/क्ष − १२०/(क्ष + १०) = १

छेद काढले की क्ष² + १०क्ष − १२०० = ०, म्हणजे (क्ष + ४०)(क्ष − ३०) = ०. वेग ऋण नसतो, म्हणून ताशी ३०. ताळा : ताशी ३०नं ४ तास, ताशी ४०नं ३ तास. मुलं वजाबाकी उलटी मांडतात, कारण त्यांना क्ष + १० ‘मोठा’ दिसतो. मोठा वेग म्हणजे छोटी वेळ, हे बोलून घ्या, लिहून नाही.

होडीचं उदाहरण सांगलीच्या मुलीला तरी परकं वाटू नये. कृष्णेत होड्यांच्या शर्यती तिनं पाहिल्या असतील. नदीचं पाणी होडीला एका बाजूनं ढकलतं आणि परत येताना अडवतं, एवढीच गोष्ट. संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ८ किमी. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं १५ किमी जाऊन परत यायला एकूण ४ तास लागले, तर प्रवाहाचा वेग किती? जाताना वेग ८ − य, येताना ८ + य. अंतर दोन्हीकडे १५. वेळांची बेरीज ४ :

१५/(८ − य) + १५/(८ + य) = ४

वरचे य एकमेकांना खाऊन टाकतात आणि २४०/(६४ − य²) = ४ उरतं. ६४ − य² = ६०, य = २. ताळा : जाताना ताशी ६नं अडीच तास, येताना ताशी १०नं दीड तास. हल्ली मी इथे एक जोडप्रश्न विचारतो : प्रवाहाचा वेग ताशी ९ किमी असता तर? आकडे काहीही सांगोत, होडी वर जाणारच नाही, मागे वाहत येईल. ज्यांनी कृष्णेचा पूर पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सरासरी वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे मोठी माणसंही फसतात. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला सायकलनं जा, जातानाचे २४ किमी धरू. चढताना ताशी १२, उतरताना ताशी २४. सरासरी? सगळे म्हणतात १८. जाताना २ तास, येताना १ तास, ३ तासांत ४८ किमी, म्हणजे ताशी १६. कमी वेगानं जास्त वेळ घालवला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. मग पोरांना विचारतो, चढताना ताशी १२च होता, एकूण सरासरी २४ यायला उतरताना किती वेग हवा? कोणी ३६ म्हणतं, कोणी ४८. हिशोब करा : ४८ किमी ताशी २४नं म्हणजे २ तास. ते दोन तास तर चढतानाच संपले. उतरायला वेळच उरला नाही, कितीही वेग लावा. एकदा एक सायकलवाला मुलगा यावर माझ्याशी पंधरा मिनिटं भांडला होता. त्याला नंतर हा विषय कधी अडला नाही.

रेल्वेचं फार सांगत नाही. तिथे दोनच गोष्टी. गाडीला स्वतःची लांबी असते, म्हणून पूल ओलांडणं म्हणजे पुलाची लांबी अधिक गाडीची लांबी. १५० मीटरची गाडी, ३०० मीटरचा पूल, कापायचं अंतर ४५०. आणि ताशी किमीचे सेकंदाला मीटर करताना ५/१८नं गुणायचं की १८/५नं, यात मुलं गोंधळतात. पाठ करायची गरज नाही. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढं एक लक्षात ठेवलं की कुठला आकडा वर ते कळतं. गाडीचा वेग ताशी ५४ असेल तर तो त्याच्या तिप्पट, सेकंदाला १५ मीटर. ४५० भागिले १५, तीस सेकंद.

मुलीला पायथागोरसचं प्रमेय आवडत असेल तर लीलावतीतलंच एक उदाहरण द्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येतोय. मोरानं तिरकी झेप घेतली. दोघांची चाल सारखी, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? यात वेगाचा आकडाच नाही! सूत्र शोधणारं मूल इथे बसून राहतं. बरोबरी शोधणारं म्हणतं, चाल सारखी, वेळ सारखी, मग अंतरही सारखंच. बिळापासून क्ष हात, तर साप २७ − क्ष चालला आणि मोर कर्णावरून तेवढाच आला : ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². वर्ग दोन्हीकडून जातो, क्ष = १२. साप १५ हात, मोर १५ हात.

तुमचा शेवटचा प्रश्न, रोज किती उदाहरणं सोडवून घ्यावीत. बोर्डाची परीक्षा जवळ असेल तर माझं उत्तर वेगळं असेल, पण वेळ हातात असेल तर रोज दोन पुरेत. त्यातलं एक फक्त मांडायचं, सोडवायचं नाही : रकाने, बरोबरी, समीकरण, आणि वही बंद. दुसरं ताळ्यासकट पूर्ण. वेळ झाली म्हणून ताळा सोडू देऊ नका, त्यापेक्षा उदाहरण सोडा. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. मांडणी बरोबर असेल आणि पुढे बेरीज चुकली तरी सगळं हातचं जात नाही, हेही तिला सांगा, बऱ्याच मुलांचं पेन या भीतीनंच थांबलेलं असतं.

आणि रविवारी तिला घेऊन सांगलीहून मिरजेला बसनं जा. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ तिनंच लिहायची, परत येतानाचीही. अंतर फोनवर मिळेल. घरी आल्यावर त्या आकड्यांतून तिनं एक उदाहरण रचायचं आणि ते तुम्ही सोडवायचं, ताई. तुम्ही चुकलात तर कुठे चुकलात ते तिला शोधू द्या.